इराणमधल्या मुलाचा एक दिवस: आठ-दहा वर्षांच्या मुलांना काय सांगाल?

सायली_वाचनघर

नमस्कार मंडळी. आम्ही नाशकात मुलांसाठी एक छोटं वाचनालय चालवतो. दर महिन्यातल्या एका रविवारी तासभर एका देशाची ओळख असते. तिथलं आठ-दहा वर्षांचं मूल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करतं, त्याचं कौतुक कशाबद्दल होतं, बोलणी कशाबद्दल बसतात, हे गप्पांतून सांगायचं. या वेळी मुलांनीच इराण निवडला, कारण बातम्यांत सतत नाव येतंय.

मला जे सापडतंय ते दोन टोकांचं आहे. एकतर गालिचे, गुलाब आणि कविता, नाहीतर क्षेपणास्त्रं आणि काळे बुरखे. यात मूल कुठेच दिसत नाही. एखाद्या समाजाला काय महत्त्वाचं वाटतं ते बघायचं तर तिथे मुलांना कोणती कामं सांगतात ते बघावं, असं माझं मत आहे. इथे कोणी इराणमध्ये राहिलंय का? कोणाचे इराणी शेजारी, मित्र आहेत? बारीकसारीक असलं तरी चालेल, खरं तर तेच हवंय.

जयू_दादर

माझा इराणशी संबंध बन-मस्का आणि 'पानी कम चाय'पुरता. पण वाचतोय, धागा भरू द्या.

चिन्मय_तेहरान

सायलीताई, आम्ही नोकरीनिमित्त काही वर्षं तेहरानला होतो. मुलगी तिथल्या केंद्रीय विद्यालयात जायची. (भारताबाहेर काठमांडू, मॉस्को आणि तेहरान इथे केंद्रीय विद्यालयं आहेत.) शाळा आपली, पण इमारतीतले शेजारी सगळे इराणी. त्यामुळे तिचं अर्धं बालपण त्यांच्या घरांत गेलं.

कामांवरून बघायचं म्हणता, तर मुलाचं पहिलं काम नान आणण्याचं. नान घरी भाजत नाहीत, गल्लीच्या तोंडावरच्या भट्टीतून गरम आणतात. संगक हा प्रकार तापलेल्या बारीक खड्यांवर भाजतात, लांबलचक असतो, आणि घ्यायच्या आधी त्याला चिकटलेले खडे झटकावे लागतात. एकच नान हवा असणाऱ्यांची रांग वेगळी असते, ती भरभर सरकते, मुलं बहुतेक त्यात. घरी येईपर्यंत नानाचं एक टोक खाल्लेलं असतं आणि त्यावर कोणी रागावत नाही. पण नानाचा तुकडा रस्त्यावर पडलेला दिसला तर मूल तो उचलतं, कपाळाला किंवा ओठांना लावतं आणि कोणाचा पाय पडणार नाही अशा कट्ट्यावर ठेवतं. चिमण्या खातात. आमच्या मुलीला ही सवय एवढी लागली की पुण्यात आल्यावरही रस्त्यात पोळीचा तुकडा दिसला की ती थांबायची.

दुसरं काम पाहुण्यांचं. इराणी घरात पाहुणा आला की मोठे गप्पा मारतात आणि मूल चहाचा ट्रे फिरवतं. आधी सगळ्यात वयस्कर माणूस, मग बाकीचे. चहा बिनदुधाचा, काचेच्या पेल्यात, सोबत साखरेचा खडा. तो दाताखाली धरून वर चहा प्यायचा. मग फळांची थाळी, आणि तिच्यात सफरचंदाशेजारी काकडी. काकडी तिकडे फळांत मोडते, पाहुण्याला सोलून, मीठ लावून देतात. ट्रे नीट धरला, चहा सांडला नाही, आजोबांकडे पाठ केली नाही, की त्या मुलाचं सगळ्यांसमोर कौतुक.

आणि हो, बुरखा नाही, चादोर म्हणतात. ती वेगळी असते, चेहरा उघडा असतो. शाळेच्या मुली बहुतेक चादोरसुद्धा घालत नाहीत, डोक्यावर टोपडं शिवल्यासारखा मघनए असतो.

शुभदा_आजी

काय छान लिहिलंस रे चिन्मय. नानाचं वाचून माझी आई आठवली. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करायला लावायची. मला सांग, तिकडे दृष्ट काढतात का?

चिन्मय_तेहरान

आजी, काढतात म्हणजे काय! एस्फंद नावाचं बी निखाऱ्यावर टाकतात, ते तडतडतं, आणि तो धूर मुलाच्या डोक्याभोवती फिरवतात. परीक्षेत चांगले गुण मिळाले, नवे कपडे घातले, पाहुण्यांनी फार कौतुक केलं, की एस्फंद. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांभोवतीही लहान मुलं एस्फंदचं भांडं फिरवत पैसे मागतात. ती मुलं बहुतेक गरीब, त्यांत अफगाण पुष्कळ. ते चित्र वेगळं आहे, त्यावर कोणीतरी लिहावं.

निरंजन_ज

सगळं गोड वाटतंय, पण एक प्रश्न. इराणी 'तारोफ'बद्दल वाचलं होतं. दुकानदार पैसे घेताना 'राहू द्या' म्हणतो, पण घ्यायचे असतात. पाहुणा भुकेला असून 'नको' म्हणतो. यजमान थकलेला असून 'अजून बसा' म्हणतो. आठ वर्षांच्या मुलाला हे शिकवणं म्हणजे मनात एक आणि तोंडावर एक असं बोलायला शिकवणं. खरं बोलावं हेही मूल्यच आहे ना? मुलांसमोर हे 'सुंदर संस्कृती' म्हणून मांडू नये, असं माझं स्पष्ट मत.

रोशन_कॅम्प

निरंजनराव, मी पुण्याचा इराणी. आजोबा यझदजवळच्या गावातून आले, आम्ही झरथुश्ती. तारोफवर बोलायचा मला थोडा हक्क आहे.

मूल खोटं बोलायला शिकत नाही, कारण समोरच्यालाही नियम माहीत असतात. दुकानदार 'तुमच्यापुढे याची काय किंमत' म्हणतो, आठ वर्षांचा मुलगासुद्धा पैसे पुढे करतो, दोघंही फसत नाहीत. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, यजमानाने तिसऱ्यांदा विचारायचं, मग घ्यायचं. यात होतं काय, तर ज्याच्या घरी खरंच कमी आहे त्याची अब्रू राहते. त्याने आग्रह केला, पाहुण्याने नको म्हटलं, दोघांचा मान राहिला. आणि ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला आग्रह करून वाढता येतं. मूल यातून शिकतं ते समोरच्याचा चेहरा वाचायला: हा 'नको' खरा की तारोफचा?

आमच्याकडे मला लहानपणी लागलेली एक सवय सांगतो. गाडीत पुढे बसलो की मागच्यांना म्हणायचं, 'माफ करा, माझी पाठ तुमच्याकडे आहे.' मागून उत्तर यायचं, 'फुलाला पाठ आणि पोट नसतं.' चार-पाच वर्षांच्या पोराला कोणी मोठ्याने फूल म्हटलं तर त्याला काय वाटत असेल बघा. मला अजून आठवतं.

पल्लवी_कराड

'फुलाला पाठ आणि पोट नसतं'... हे उद्या घरी सांगणार.

निरंजन_ज

रोशनजी, पटण्यासारखं आहे, पण पूर्ण नाही. चेहरा वाचायचं ओझं मुलावर कशाला? ज्या मुलाला चेहरे वाचता येत नाहीत, लाजरं आहे, त्याचं काय होतं?

रोशन_कॅम्प

त्याच्यासाठी घरात एक मावशी असते. 'बी-तारोफ', म्हणजे तारोफ नको, असं म्हणून ती ताटात वाढून टाकते, विचारत नाही.

गार्गी_टोरांटो

निरंजन, तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू मला महत्त्वाची वाटते, म्हणून जरा लांब लिहिते. टोरांटोत इतके इराणी आहेत की लोक शहराला 'तेहरांटो' म्हणतात. माझी जवळची मैत्रीण तेहरानमध्ये ऐंशीच्या दशकात वाढली. इराक-इराण युद्ध (१९८० ते १९८८) तिचं जवळजवळ सगळं बालपण चालू होतं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या, भोंगा वाजला की तळघर. १९८८ मध्ये तेहरानवर क्षेपणास्त्रं पडायला लागली तेव्हा हजारो कुटुंबं शहर सोडून नातेवाइकांच्या गावी गेली, त्यांतलं एक तिचं. ती म्हणते, त्या काळात नातेवाइकांच्या घरी दोन-दोन कुटुंबं महिनोन् महिने राहिली आणि कोणाला आपण ओझं आहोत असं वाटू दिलं नाही. ते तारोफशिवाय जमलं नसतं.

पण तीच सांगते की मुलांना आणखी एक शिकवलं जायचं: घरातलं घरात, बाहेरचं बाहेर. तेव्हा व्हिडिओ प्लेअरवर बंदी होती. शाळेत बाई गोड बोलून विचारायच्या, 'घरी कोणती गाणी ऐकता? आईबाबा नमाज पढतात का?' सात वर्षांच्या मुलीला उत्तर माहीत असायचं, आणि ते खरं नसायचं. पुढे व्हिडिओ कायदेशीर झाला, मग बंदी आली डिश अँटेनावर. गच्चीगच्चीवर डिश होत्याच, फक्त शाळेत त्याबद्दल बोलायचं नाही. समोरच्याचा चेहरा वाचून काय बोलायचं ते ठरवणं हे जे कसब रोशन सांगतायत, तेच कसब भीतीपोटीही वापरावं लागतं. दोन्ही एकाच मुलाच्या अंगात असतं. एक सांगितलं आणि दुसरं नाही तर इराणी मूल अर्धंच दिसेल.

२०२२ मध्ये महसा अमिनी ही तरुणी, डोकं नीट झाकलं नाही म्हणून पकडल्यावर, कोठडीत असताना वारली. त्यानंतर जे झालं ते आठवा. माध्यमिक शाळांतल्या मुली वर्गात मघनए काढून उभ्या राहिल्या. ज्या मुलींना पहिलीपासून 'बाहेर असं बोलायचं नाही' शिकवलं होतं त्याच मुली. मैत्रीण तो व्हिडिओ बघून रडली होती. ती म्हणाली, आम्ही आयुष्यभर आतलं आत ठेवलं, यांनी आत आणि बाहेर एकच करून टाकलं.

शुभदा_आजी

गार्गी, वाचून अंगावर काटा आला. आणीबाणीत आमच्या घरीही कुजबुजत बोलायचे, पण ती दीड-पावणेदोन वर्षांची गोष्ट. इथे पिढ्या गेल्या.

सिनेवेडा

इराणी सिनेमात लहान मुलं इतकी का दिसतात, हा प्रश्न इथे जोडला तर चालेल का? संबंध आहे.

१९६५ मध्ये तेहरानमध्ये मुलांच्या बौद्धिक विकासासाठी 'कानून' ही संस्था निघाली. गावोगाव मुलांची वाचनालयं, फिरती वाचनालयं, पुस्तकं, खेळणी. (सायलीताई, तुमच्याच क्षेत्रातली संस्था!) १९७० च्या सुमारास तिचा चित्रपट विभाग सुरू झाला, दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमी तिथेच घडले. इस्लामी क्रांती १९७९ ला झाली, संस्था टिकली. नव्या नियमांनुसार पडद्यावरच्या बाईने डोकं झाकलंच पाहिजे, अगदी स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोरच्या प्रसंगातही. स्त्री-पुरुषांचा स्पर्श दाखवायचा नाही. मग घर खरं वाटणार कसं? मूल मुख्य पात्र असलं की या अडचणी कमी होतात आणि कॅमेरा गल्लीत, शाळेत, बाजारात मोकळा फिरतो.

बुटांची एकच जोडी वाटून घेणाऱ्या भावाबहिणीचा सिनेमा ('चिल्ड्रन ऑफ हेवन', १९९७) बऱ्याच जणांनी पाहिला असेल. परकीय भाषा विभागात ऑस्कर नामांकन मिळालेला तो पहिला इराणी चित्रपट. आपल्याकडे लोक विचारतात, एकच बूट दोघं कसे वापरू शकतात? तर शाळा दोन पाळ्यांत, मुलामुलींच्या वेगवेगळ्या. बहीण सकाळी, भाऊ दुपारी. त्यातला एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. बाप मशिदीसाठी साखरेचे मोठे खडे फोडतोय, मुलगी चहा आणते, बाप साखर मागतो. ती म्हणते समोर एवढी साखर आहे की! बाप म्हणतो ती मशिदीची, आपली नाही. घरात भाडं थकलंय, आई आजारी आहे, तरी तो खडा तोंडात जात नाही. पुढे पोरगा जे काही करतो त्याचं मूळ मला त्या साखरेत दिसतं.

जयू_दादर

तो सिनेमा आमच्या शाळेत दाखवला होता. शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस बूट असतात, तेव्हा अख्खा हॉल 'तिसरा ये, तिसरा ये' ओरडत होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणी हिरोने पहिलं येऊ नये म्हणून ओरडलो.

केतकी_प

हाहा, जयू, आमच्याकडेही हेच!

पण दोन पाळ्यांचं कारण सिनेवेडांनी सांगितलं नाही, ते सांगते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात इराणमध्ये एका बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत होती. १९८९ पासून सरकारनेच कुटुंबनियोजनाचा जोरदार कार्यक्रम राबवला आणि २००० च्या आसपास सरासरी दोनवर आली. जगात इतक्या वेगाने जन्मदर घसरल्याची उदाहरणं थोडी. युद्धकाळात जन्मलेली ती प्रचंड पिढी शाळेत आली तेव्हा इमारती पुरेनात. आज त्यांची मुलं एकेकटी वाढतायत. पूर्वी मामा-मावश्यांची दहा-बारा पोरं आजोळी एकत्र लोळायची, आता आजीच्या घरी एकच नातवंड आणि त्याच्यावर सगळ्यांची नजर. २०२१ मध्ये सरकारने उलट दिशेने, जास्त मुलं व्हावीत म्हणून कायदा केला. त्यामुळे 'इराणी मूल' म्हणताना कोणत्या दशकातलं ते बघावं लागेल.

एकच मूल असलं की अभ्यासाचं दडपण आलंच. विद्यापीठ प्रवेशाची 'कोंकूर' ही परीक्षा म्हणजे आपली जेईई-नीट. हुशार मुलांच्या वेगळ्या शाळांची प्रवेशपरीक्षा सहावीतच असते. २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री मरियम मिर्झाखानी तेहरानच्या अशाच 'फर्जानेगान' शाळेत शिकली होती. मुलींना गणित जमत नाही हे वाक्य त्या घरांत फारसं ऐकू येत नाही. विद्यापीठांत मुली भरपूर आहेत. नोकरीत मात्र फार कमी, हा तिथला मोठा अन्याय.

मेळघाट_मास्तर

सर्वांना नमस्कार. उशिरा आलो, नेटवर्क नव्हतं.

एक गोष्ट राहतेय. इराणमध्ये सगळ्यांची मायबोली फारसी नाही. तबरीझ, अर्दबीलकडे अझेरी तुर्की, पश्चिमेला कुर्दी, नैऋत्येला अरबी, आग्नेयेला बलोची. त्या घरांतलं मूल पहिलीत जातं तेव्हा पहिल्या धड्यात 'बाबांनी पाणी दिलं' हे फारसीत शिकतं, आणि घरी बाबांना आणि पाण्याला वेगळेच शब्द असतात. तिथल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात इतर भाषांचं साहित्य शाळेत शिकवायला परवानगी आहे, प्रत्यक्षात ते क्वचितच होतं.

मी कोरकू मुलांना मराठीतून पहिली शिकवतो. ते डोळे मी रोज बघतो. घरी बडबड करणारं पोर वर्गात मुकं होतं आणि बाहेरून आलेला साहेब म्हणतो 'मुलं लाजरी आहेत'. निरंजन सरांनी लाजऱ्या मुलाचं विचारलं ना, त्यातली किती लाजरी आणि किती परक्या भाषेत अडकलेली, हे इराणमध्येही कोणीतरी विचारत असेल. तुमच्या तासात तबरीझची एक मुलगी जरूर घ्या ताई.

सायली_वाचनघर

मास्तर, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नक्की घेते.

बाकी सगळ्यांचे आभार. एवढ्यातच तासाऐवजी दिवस पुरेल इतकं जमलं. पण सणांबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. मुलं पहिला प्रश्न तोच विचारतील: त्यांना सुट्ट्या किती?

रोशन_कॅम्प

सुट्टीचं राज्य म्हणजे नवरोज. २०-२१ मार्चला, वसंतसंपात (दिवस-रात्र सारखे होतात तो) ज्या क्षणी होतो त्याच क्षणी नवं वर्ष. मग तो क्षण पहाटे तीनला आला तरी मुलांना उठवून हफ्त-सीनच्या, म्हणजे 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तूंच्या मांडणीभोवती बसवतात. शाळांना साधारण तेरा दिवस सुट्टी. लहानांनी आधी मोठ्यांच्या घरी जायचं, मग मोठे परत भेटीला येतात. मुलांना कोऱ्या करकरीत नोटा मिळतात. मुसलमान घरांत त्या कुराणाच्या पानांत ठेवलेल्या असतात, आजोबा पान उघडतात आणि मूल उचलतं. सुकामेव्याच्या वाडग्यातले पिस्ते आधी संपतात, चणे शेवटपर्यंत राहतात. तेराव्या दिवशी घरात थांबायचं नाही, अख्खा देश चटया घेऊन झाडाखाली. आणि सुट्टीवर एक सावली: 'पैक', म्हणजे शाळेने दिलेला गृहपाठाचा जाडजूड गठ्ठा, जो बाराव्या रात्री रडत पूर्ण होतो.

त्याआधीच्या मंगळवारी रात्री गल्लीत शेकोट्या पेटवून मुलं वरून उड्या मारतात. आगीला म्हणायचं, माझा पिवळेपणा तू घे, तुझी लाली मला दे. डिसेंबरमधल्या सगळ्यात मोठ्या रात्री, यल्दाला, आजीच्या घरी डाळिंब, कलिंगड आणि हाफिजच्या कवितेतून प्रत्येकाचं भविष्य. नवरोज, यल्दा हे सण मुळात इस्लामच्या आधीपासूनचे. क्रांतीनंतरच्या राज्यकर्त्यांना नवरोज फार आवडत नव्हता, पण तो हलला नाही, आणि माझ्या मते त्याचं श्रेय आज्यांचं आहे. त्यांनी पोरांना उठवायचं सोडलं नाही.

पल्लवी_कराड

शेवटच्या क्षणीचा गृहपाठ सगळीकडे सारखाच तर!

चिन्मय_तेहरान

रोशनभाईंच्या यादीत मोहर्रम जोडतो. नवसाचं अन्न, 'नझ्री', मोठमोठ्या पातेल्यांत रात्रभर शिजतं आणि ते शेजारपाजारी पोचवायचं काम मुलांचं. केशर घातलेला पिवळाधमक शोलेझर्द, वर दालचिनीने लिहिलेलं नाव. मूल दार वाजवतं, वाडगा देतं. कोणी श्रीमंत, कोणी गरीब, कोणाशी भांडण, हे बघायचं नाही. अख्ख्या इमारतीला द्यायचं. आम्ही हिंदू, तरी पहिला वाडगा आम्हाला यायचा, कारण आम्ही परके, म्हणजे पाहुणे. वाडगा परत करताना रिकामा देत नाहीत, साखरेचे खडे किंवा एखादं फूल ठेवतात. बायकोने पहिल्या वर्षी रव्याचे लाडू ठेवले. दुसऱ्या वर्षी पोरं वाडगा देऊन तिथेच थांबली.

शुभदा_आजी

रिकामं भांडं परत द्यायचं नाही! अगदी आपलं. लाडवांचं वाचून फार हसले.

निरंजन_ज

हे आवडलं. पण मी परत तिखट प्रश्न विचारतो, रागावू नका. नऊ वर्षांच्या मुलींचा 'तकलीफ'चा समारंभ शाळेत होतो ना? पांढरी चादोर, डोक्यावर मुकुट, फोटो. म्हणजे त्या दिवसापासून नमाज, रोजा, पडदा बंधनकारक. मुलग्यांना हेच पंधराव्या वर्षी. चांद्र वर्षं धरली तर मुलगी पावणेनऊचीच असते. हे आठ-दहा वर्षांच्या मुलांपुढे कसं मांडणार? आणि टाळलंत तर तो प्रामाणिकपणा होईल का?

केतकी_प

निरंजनशी पूर्ण सहमत. आणि पाठ्यपुस्तकांतला हुतात्मा मुलगाही टाळू नका: तेरा वर्षांचा मोहम्मद हुसेन फहमीदे, १९८० मध्ये खोर्रमशहरला इराकी रणगाड्याखाली स्वतःला झोकून दिलेला. त्याला पिढ्यान् पिढ्या आदर्श म्हणून शिकवलं. तेरा वर्षांच्या मुलाला मरणाचा आदर्श देणं मला मान्य नाही. पूर्वी तिसरीत आणखी एक धडा असायचा, तोही खऱ्या माणसाचा: मियानेजवळचा शेतकरी रीझ अली. रुळांवर दरड कोसळलेली पाहून त्याने भर थंडीत अंगावरचे कपडे काढून पेटवले आणि येणारी रेल्वे थांबवली. २०१७ मध्ये तो वारला तेव्हा अख्खा देश हळहळला. माझ्या इराणी सहकाऱ्यांना फहमीदेबद्दल विचारलं तर गप्प होतात, रीझ अलीबद्दल विचारलं तर हातवारे करून गोष्ट सांगतात.

गार्गी_टोरांटो

तकलीफच्या समारंभाबद्दल मैत्रिणीलाच विचारलं. तिच्या भाचीचा झाला होता. ती म्हणाली, 'तिला मुकुट आणि केक फार आवडला. दुसऱ्या दिवशी भावाला गल्लीत चेंडू खेळताना बघून तिने विचारलं, मी का नाही? तिच्या आईकडे उत्तर नव्हतं.' सायली, मी असते तर हेच जसंच्या तसं सांगितलं असतं. मुलांना तो प्रश्न कळतो, समजावून द्यावा लागत नाही.

चेंडूवरून: मुलींचा फुटबॉलचा वेडेपणा तिकडे प्रचंड, पण पुरुषांचे सामने मैदानात जाऊन बघायला बायकांना कित्येक दशकं बंदी होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेहरानच्या आझादी मैदानावर कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला बायकांना तिकिटं मिळाली. इराण १४-० ने जिंकला.

जयू_दादर

१४-०! बायकांना आत घेतल्यावर संघाने उपकार फेडले.

गल्लीतल्या फुटबॉलचं मला सहकाऱ्याने सांगितलंय. स्वस्त प्लास्टिकचा चेंडू फार हलका, वाऱ्याने उडतो. म्हणून फुटलेला जुना चेंडू कापून नव्यावर चढवतात, दुहेरी चेंडू. मग शॉट सरळ जातो. सायली, हा प्रयोग मुलांकडून करून घ्या, एकही पोर घरी जायला तयार होणार नाही.

मेळघाट_मास्तर

चिन्मय सरांनी सिग्नलवरच्या मुलांचा उल्लेख केला आणि धागा पुढे गेला. तिथे राहणाऱ्या अफगाण मुलांना कित्येक वर्षं कागदपत्रांअभावी शाळेत घेत नसत. २०१५ मध्ये सर्वोच्च नेत्यांच्या आदेशाने कागदपत्रं नसलेल्या अफगाण मुलांनाही शाळा खुल्या झाल्या, लाखो मुलं वर्गात आली. आणि २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त अफगाणांना परत जावं लागलं. त्यांत इराणमध्येच जन्मलेली, फारसीतच वाढलेली मुलं आहेत. सीमेपलीकडे मुलींना सहावीनंतर शाळा नाही. पाहुण्याला पहिला वाडगा देणारा समाज आणि हा समाज एकच आहे. याचं उत्तर माझ्याजवळ नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

चिन्मय_तेहरान

मास्तर, आमच्या इमारतीचा रखवालदार अफगाण होता. त्याची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वयाच्या. नझ्रीचा वाडगा त्यांनाही जायचा, पण त्या मुलीला वाढदिवसाला कोणी बोलावत नसे. आमच्याकडे ती यायची. आता ते कुटुंब कुठे आहे, कळत नाही.

सायली_वाचनघर

काल रात्री सगळं पुन्हा वाचलं. ठरवलंय ते सांगते.

एका मुलाचा दिवस सांगायचा नाही, तिघांचा सांगायचा. तेहरानचा मुलगा: नान, चहाचा ट्रे, दुहेरी चेंडू, नवरोजचा गृहपाठ. तबरीझची मुलगी: घरी एक भाषा, शाळेत दुसरी, तकलीफचा मुकुट आणि तो 'मी का नाही'. आणि तेहरानमध्येच जन्मलेली अफगाण मुलगी, जिला एस्फंदचं भांडं धरावं लागतं, जिची शाळा सुरू झाली आणि सुटली. फहमीदे मी घेणार नाही, आमच्या मुलांचं वय पाहता नको वाटतो. रीझ अली घेणार. तारोफचा आम्ही खेळच करू: एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने चेहऱ्यावरून ओळखायचं, 'नको' खरा की खोटा. निरंजन, लाजऱ्या मुलांना त्यात पंच करणार आहे, म्हणजे त्यांच्यावर ओझं नाही.

'घरातलं घरात, बाहेरचं बाहेर' हे कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. गार्गी, मदत कर.

निरंजन_ज

पंचाची कल्पना उत्तम. माझी हरकत मागे.

गार्गी_टोरांटो

सांगू नकोस, विचार. 'घरी चालतं पण शाळेत सांगता येत नाही असं तुमच्याकडे काही आहे का?' हात वर करायला लावू नको, चिठ्ठीवर लिहून घे, नाव नको. मग म्हण, इराणमधल्या मुलांच्या चिठ्ठ्या फार लांब असतात.

केतकी_प

आणि त्या चिठ्ठ्या वाचून दाखवू नकोस हं. फाडून टाक त्यांच्यासमोर.

सायली_वाचनघर

हो, दोन्ही करते. चिन्मय, तुम्ही पुण्याहून येऊ शकाल का? मुलीला घेऊन? खर्च वाचनालय करेल.

चिन्मय_तेहरान

खर्चाचं राहू द्या ताई, येतो. मुलगी आता अकरावीत आहे, क्लास बुडवायला कारणच शोधत असते. समोवार (चहाचं पाणी उकळायचं भांडं) आहे आमच्याकडे, तोही आणतो. पेले मात्र तिथे बघा, काचेचे आणि छोटे.

जयू_दादर

ताई, हे 'खर्चाचं राहू द्या' तारोफ आहे. तिसऱ्यांदा विचारा.

रोशन_कॅम्प

मी सुकामेवा पाठवतो, कॅम्पातून कुरियर करेन. फक्त मुलांना वाडग्यातून आपापलं घेऊ देऊ नका, मूठ मूठ वाटा. नाहीतर पहिल्या पाच पोरांनंतर चणेच उरतील. पत्ता संदेशात टाका.